लॅबची चावी कुणाकडे?

मागच्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेस्ट लेक्चरला गेलो होतो. विषय होता 'लीडरशिप अँड इनोव्हेशन'. आता मी काय कुणी मोठा लीडर नाही, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझं छोटंसं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, तीन लेथ म्हणजे धातू फिरवत कापायची मशीन, एक म्हातारी मिलिंग आणि ११ माणसं, त्यातली चार अशी की ती आली नाहीत तर मी येऊन काही उपयोग नाही. तरी 'इंडस्ट्री एक्स्पर्ट' म्हणून आमच्यासारख्यांना बोलावतात, कारण पुण्याहून माणूस आणायचा तर गाडीभाडं द्यावं लागतं. दीपप्रज्वलन झालं, बुके झाला, शाल झाली, परिचय वाचणाऱ्या पोरीनं मला 'प्रथितयश उद्योगपती' म्हणलं तेव्हा मीच मागं वळून बघितलं कोण आलंय म्हणून. मग एक सर मोबाईल घेऊन पुढं आले, म्हणले जरा सगळे इकडं बघा, जिओटॅग फोटो घ्यायचाय, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला. तो तीनदा घेतला कारण पहिल्या दोन वेळेला लोकेशनच पकडंना. खरं सांगायचं तर कार्यक्रमाचं काम तिथंच झालं होतं, पुढं दीड तास मी बोललो तो वरकड.

लेक्चर संपवून जिना उतरताना थर्ड इयरचा एक पोरगा मागनं आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एमएसचा म्हणजे साध्या पोलादाचा राउंड बार. "सर, प्रोजेक्टचा शाफ्ट आहे, तुमच्याकडं टर्न करून मिळेल का? पैसे देतो की." म्हणलं अरे कॉलेजात लेथ नाहीत का? "आहेत सर, सहा आहेत. पण लॅब असिस्टंट सर लग्नाला गेल्यात, चावी त्यांच्याकडं आहे. आणि ते असले तरी पाचला बंदच होतंय."

मी वर्कशॉपच्या खिडकीतनं आत बघितलं. सहा लेथ, चांगल्या मेकचे, बेडवर ग्रीस लावलेलं, दोघांवर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच. चिप म्हणजे धातू कापताना निघणारा कीस, तर चिप ट्रेमध्ये एक चिप नाही. आमच्या शॉपमध्ये झाडून झाडून चिप संपत नाही आणि इथं ट्रे देवघरातल्या ताटासारखा लख्ख. आणि वरच्या मजल्यावर एसी हॉलमध्ये मी त्याच पोराला दीड तास सांगत होतो की बाबा रे, पुढाकार घे.

तेव्हापासनं हा विषय डोक्यात बसलाय. माझं म्हणणं सरळ आहे, इंजिनिअरिंगच्या पोरांना नेतृत्व आणि नवं काही करून बघायची सवय कॉलेजात लावता येते, नक्की येते, पण विषय लावून नाही, काम अंगावर टाकून. ज्या पोराच्या हातात वर्कशॉपची चावी द्यायला आपण तयार नाही त्याला लीडरशिपचे क्रेडिट वाटायचा आपल्याला काय अधिकार?

हे क्रेडिट मिळतात कसे ते बघा. लीडरशिपचा एक विषयच असतो, त्यात पाच युनिट असतात. पहिल्यात लीडर आणि मॅनेजर यातला फरक, दुसऱ्यात थिअऱ्या, मग टीम बिल्डिंग, मग इनोव्हेशनचे प्रकार, शेवटी केस स्टडी, त्या पण ठरलेल्या, ॲपल, टेस्ला, फार तर नॅनो गाडी. पेपरला प्रश्न, 'नेतृत्वाच्या शैली उदाहरणासह स्पष्ट करा, ८ मार्क'. पोरं आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ वाचतात आणि सकाळी ओतून येतात. माझी भाची या विषयात चांगल्या ग्रेडनं पास झाली, म्हणलं काय शिकलीस गं, तर म्हणाली "मामा, व्हिजन पाहिजे म्हणे."

यात सगळा दोष शिकवणाऱ्यांचा नाही हेही सांगतो. माझा एक मित्र असाच प्राध्यापक आहे, त्याच्याकडं संध्याकाळी चहाला गेलो की तो लॅपटॉपवर एक्सेल उघडून बसलेला असतो. भारत २०१४ साली वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे देशोदेशींच्या इंजिनिअरिंग पदव्या एकमेकांनी मानायच्या कराराचा, कायम सदस्य झाला, त्यातनं एनबीए या कोर्स तपासणाऱ्या मंडळाच्या मान्यतेला वजन आलं, आणि त्यांच्या १२ प्रोग्राम आउटकमच्या, म्हणजे पदवी घेताना पोराला काय काय आलं पाहिजे त्याच्या यादीत टीमवर्क, कम्युनिकेशन, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, नीतिमत्ता असं सगळं होतं. कल्पना वाईट नव्हती, उलट फार चांगली होती, नुसतं थर्मोडायनॅमिक्स येऊन भागत नाही हे कुणीतरी कागदावर मान्य केलं. पण आपल्याकडं झालं काय, प्रत्येक विषयाचा प्रत्येक आउटकमशी संबंध ३, २ की १ असा आकडा टाकायचा, मग मार्कांवरनं टक्केवारी काढायची, आणि सेमिस्टरच्या शेवटी मित्र मला सांगतो की आमच्या वर्गाचं टीमवर्क २.१४ आलं, टार्गेट २.२ होतं, आता ॲक्शन टेकन लिहायचं राहिलंय. म्हणलं काय ॲक्शन घेणार? म्हणला गेस्ट लेक्चर ठेवू. तर असा मी तिथं पोचलो होतो.

दुसरी गंमत अशी की आपल्याकडं लीडरशिप म्हणजे इंग्रजी असं एक समीकरण बसलंय. टाय, ब्लेझर, 'गुड मॉर्निंग टू वन अँड ऑल', पीपीटीची शेवटची स्लाइड 'थँक यू'. जतचा, आटपाडीचा, खटावचा पोरगा तिथं गप्प बसतो आणि सर म्हणतात याच्यात लीडरशिप क्वालिटी नाही. अहो याच आटपाडी-खानापूर पट्ट्यातली माणसं चौथी-सातवी शिकून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात सगळ्या देशभर पसरलीत, गलाई दुकान काढून बसलीत, केरळात मल्याळम आणि बंगालात बंगाली बोलत्यात. परमुलखात जाऊन लोकांचं सोनं आपल्या भट्टीत घालायचं म्हणजे केवढा विश्वास कमवावा लागत असेल, त्याला कुठल्या युनिटमध्ये शिकवतात? आणि त्यांचाच नातू इथं ग्रुप डिस्कशनमध्ये नापास.

२०१९ च्या पुरातलं सांगतो. ऑगस्ट महिना, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. निम्मं शहर पाण्यात. आमच्या भागातल्या एका शाळेत लोकांची सोय केली होती, तिथं मदतीचे ट्रक यायला लागले, बिस्किटं, पाणी, चादरी, आणि दोन दिवसांत असा गोंधळ झाला की एकाच घरात पाच चादरी आणि शेजारच्याला काही नाही. तिथं इंजिनिअरिंगचा एक पोरगा होता, मेकॅनिकलचा, चार विषय बॅक. त्यानं शाळेतलं हजेरीचं कोरं रजिस्टर घेतलं, डाव्या पानावर आलेलं, उजव्या पानावर गेलेलं, कुटुंबाचं नाव, माणसं किती, लहान मूल आहे का, कुणाला शुगरची गोळी लागते का. दारात टेबल आडवं लावलं, म्हणला आत कुणी यायचं नाही, माल टेबलावरनंच. एक नगरसेवकाचा माणूस त्याच्या अंगावर गेला तर त्याला म्हणला, "दादा, तुमचं बी नाव लिहितो, काय पायजे सांगा." आठ दिवस ते शेल्टर त्यानं चालवलं. पुढच्या सेमिस्टरला तो वर्षात अडकला आणि घरी बसला. त्याच वर्षी त्याच्या कॉलेजात 'यंग लीडर' की कायसं ॲवॉर्ड दिलं गेलं, ते ज्याला मिळालं त्यानं पुरावर पोस्टर केलं होतं. पोस्टर चांगलं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आपल्या जिल्ह्याला खरं तर हे सगळं बाहेरनं शिकायची गरजच नाही. मिरजेहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसा, वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं, पोरं मोबाईलमधनं मान वर काढत नाहीत. ती वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं, रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ते सोडावं लागलं, मग मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवलं, तिथं बढतीत डावललं गेल्यावर बेळगावात सायकलच्या दुकानात उतरले. लोखंडी नांगर काढला तर शेतकरी म्हणायचा लोखंडानं जमीन बिघडती, पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्याकडं प्रोजेक्टला दोन महिने मिळतात आणि त्यातला एक रिपोर्टच्या स्पायरल बायंडिंगमध्ये जातो. १९१० साली औंधच्या राजानं जमीन दिली तेव्हा कुंडलच्या माळावर निवडुंग आणि साप, तिथं कारखाना आणि वसाहत उभी केली. पण मला त्यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर त्यांनी माणसं कुठली निवडली. शाळा सोडलेले, परीक्षेत न टिकलेले, आणि रखवालीला शिक्षा भोगून आलेले. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं त्याच्याच हातात चावी दिली.

त्याच कारखान्याचे नांगर विकत फिरणारा एक माणूस होता, भाऊराव पाटील. पुढं त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग चालू केलं. सातारकरांना कर्मवीर अण्णा नव्यानं सांगायला नकोत. पण एक बघा, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आज बोर्डावर रंगवलेलं दिसतं आणि आतला पोरगा साधा बॉल बेअरिंगचा सेट इश्यू करायला तीन सह्या गोळा करत फिरतो. अण्णांच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम हे त्यांनीच करायचं. त्याला कुणी लीडरशिप म्हणलं नाही, पण भाकरी कमी पडली की शिव्या कुणाला बसणार हे ठरलेलं होतं. माझ्या मते सगळी गोम तिथं आहे. चुकलं तर आपल्या नावावर येईल असं काहीतरी पोराच्या वाट्याला आलं पाहिजे.

अजून एक, हे तर इंजिनिअरिंगवाल्यांनी पाठ करावं असं. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण आहे, बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बांधलेलं. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून गावाकडं आलेले कामगार, इकडं दुष्काळ, आणि नदीतली वाळू मात्र ठेकेदार उपसून नेतोय. लोकांनी विचारलं आमची नदी कोरडी का? भारत पाटणकर वगैरे मंडळींच्या मुक्ती संघर्ष चळवळीतनं ते पुढं गेलं, थोडी वाळू गावानंच विकून त्या पैशात धरण बांधायचं ठरलं, के. आर. दाते यांच्यासारख्या इंजिनिअरनं डिझाइनला हात दिला. आणि पाणी वाटायचं कसं, तर जमीन नाही त्यालाही वाटा. आता सांगा, यातलं इनोव्हेशन कुठलं? भिंत तर सगळ्यांना येती बांधता. वाळू विकून भांडवल आणि भूमिहीनाला पाणी, हे नवीन होतं. ही केस स्टडी विट्यापासनं हाकेच्या अंतरावर आहे आणि आपल्या पोरांना शिकवतोय काय तर स्टीव्ह जॉब्सचा काळा टर्टलनेक.

इनोव्हेशनवरनं बेदाण्याचा किस्सा आठवला. मी एका ठिकाणी फायनल इयरच्या प्रोजेक्टला परीक्षक होतो. चौघांचा ग्रुप, प्रोजेक्ट 'द्राक्षासाठी सोलर ड्रायर', मॉडेल चकचकीत, पॉलिकार्बोनेट शीट, आत जाळीचे ट्रे, छोटा पंखा, आरड्युइनो नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर तापमान दिसतंय. हुशार पोरं. माझ्याबरोबर तासगाव भागातले एक बागायतदार आले होते, मीच नेलं होतं त्यांना, कॉलेजला न विचारता. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "बाळा, बेदाणा हिरवा पायजे का काळा?" पोरं एकमेकांकडं बघाय लागली. काका म्हणले, "उन्हात टाकला की काळपट पडतो, त्याला सौद्यात भाव नाही. आम्ही शेडला चारी बाजूनं नेट मारून सावलीत वाळवतो, रॅकवर, पंधरा दिवस, तीन आठवडे. वारा फुकट आहे. माझी भीती एकच, मार्च-एप्रिलमध्ये रात्री दोनला अवकाळी आला तर दहा मिनिटांत शेड झाकायचं कसं. त्यावर काय काढलंय का?"

काढलं नव्हतं. कसं काढणार, चौघांपैकी एकही बेदाण्याच्या शेडवर गेला नव्हता, आणि त्यातल्या एकाच्या मामाचं शेड होतं बरं का. आयडिया यूट्यूबवरनं घेतलेली, मॉडेल निम्मं बाहेरनं करून आणलेलं. असले तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं सगळ्या शहरात आहेत आणि हे कॉलेजला माहीत नसतं असं मला कुणी सांगू नये. पण त्या दिवशी पुढं जे झालं ते महत्त्वाचं. त्यातल्या दोघांनी काकांचा नंबर घेतला, रविवारी शेडवर गेले, ताडपत्री वर गुंडाळायची कशी, दोरी कुठं अडकते, वाऱ्यात कापड फाटतं कुठनं हे बघून आले आणि हातानं फिरवायच्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटावर, चालणारं साधं काहीतरी जुळवाय लागले. मोटर नको म्हणले, वादळात पहिली लाईटच जाते. हे वाक्य ऐकलं तेव्हा मला वाटलं हा झाला इंजिनिअर. पण एप्रिल संपला, सबमिशन झालं, पोरं पास होऊन पुण्याला गेली आणि तो विंच माझ्या शॉपच्या कोपऱ्यात पडलाय. पुढच्या बॅचला तो द्यावा असं कॉलेजात कुणाला वाटलं नाही, कारण नियम असा की प्रोजेक्ट 'नवीन' पाहिजे. मागच्या वर्षीचंच पुढं नेलं तर त्याला कॉपी म्हणतात!

हा नियम पहिला बदला. अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत १९९५ पासनं 'एपिक्स' नावाचा प्रकार चालू आहे, पोरं गावातल्या संस्थांचं खरं काम घेतात, आणि टीममध्ये ज्युनिअर-सीनिअर सगळी एकत्र असतात, एक बॅच गेली तरी काम पुढची ओढते. एमआयटीत बर्नार्ड गॉर्डन नावाच्या इंजिनिअर-उद्योजकानं २००७ मध्ये २ कोटी डॉलर दिले, नुसतं इंजिनिअरिंगमधलं नेतृत्व शिकवायला. आपल्याकडं तेवढे पैसे नाहीत हे मान्य, पण तिथंही मुख्य गोष्ट काय तर दर आठवड्याला लॅब, आणि त्या लॅबमध्ये त्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाची पोरं पहिल्या वर्षाच्यांना चालवतात. एवढं करायला डॉलर लागत नाहीत. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या शेतकऱ्यानं थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या बागेतली एक वेगळी वेल हेरून त्यातनं तास-ए-गणेश जात काढली, त्याला कुणी अनुदान दिलं होतं? रोज बागेत फिरत होता म्हणून वेगळी वेल दिसली.

आणि आपल्या पोरांमध्ये दम नाही असं तर अजिबात नाही. बाहाची टीम बघा एकदा. बाहा म्हणजे पोरांनी स्वतः एका सीटची ऑफरोड गाडी बनवायची, भारतात ही स्पर्धा २००७ पासनं चालू आहे, इंदूरजवळ पीथमपूरला जायचं, आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स रेस, ज्यात निम्म्या गाड्या रस्त्यातच बसतात. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस ही पोरं माझ्या शॉपवर रात्री अकराला येतात. नकल, हब, चाकापाशी बसणारे कसले कसले जॉब, ड्रॉइंगवर टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक टाकलेला असतो तो बघून आमचा टर्नर हसतो. "एवढा मायक्रॉन कशाला रे, विमान उडवायचंय का?" मग वाद होतो. मग पोरगं माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन त्याच्याशेजारी उभं राहतं आणि पहाटेपर्यंत त्याला कळतं की ड्रॉइंगवर लिहिणं फुकट असतं आणि मशीनवर काढणं महाग. टीमचा कॅप्टन हा सगळ्यात हुशार नसतो कधीच. तो असा असतो की जो स्पॉन्सरकडं पैसे मागायला जातो, वेल्डरची मनधरणी करतो, दोघांचं भांडण मिटवतो आणि सगळ्यांसाठी वडापाव आणतो. वर्षभर हे केल्यावर सेमिस्टरच्या शेवटी त्याची अटेंडन्स कमी भरते आणि त्याला डिफॉल्टर लिस्टमध्ये टाकून वडलांना बोलावतात.

या टीममध्ये एक मुलगी होती, सस्पेन्शन तिनं डिझाइन केलेलं. ती कधी रात्री आली नाही. म्हणलं का, तर गर्ल्स हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद. मुलांचं दहाला, आणि तेही नावापुरतं. म्हणजे तिच्या सस्पेन्शनच्या ए-आर्मचं वेल्डिंग होताना ती व्हिडिओ कॉलवर, मोबाईल बेंचवर टेकवून ठेवलेला, आणि ती तिकडनं ओरडतेय "अरे फिक्स्चर हललंय, अँगल बघ!" कुणी बघितलं नाही. अँगल चुकला. परत कापावं लागलं. सुरक्षिततेचं कारण देतात ते मला समजतं, माझीही मुलगी आहे. पण उपाय गेट लवकर लावणं एवढाच का? वर्कशॉप ते हॉस्टेल कॉलेजची गाडी आणि एक बाई सोबत, एवढा खर्च शाल-श्रीफळाच्या बजेटमध्ये बसतो. मुलींना अर्धा दिवस कमी द्यायचा आणि महिला दिनाला 'विमेन इन लीडरशिप' घ्यायचं, हे मला तरी पटत नाही.

आता दुसरी बाजू. मागं एकदा मी हे एका विभागप्रमुखांना बोललो तर ते म्हणले, "तुमचं बरोबर आहे हो, पण एखाद्याचं बोट लेथमध्ये गेलं तर पेपरात नाव कुणाचं येणार?" हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या शॉपमध्ये एकदा हातमोजा घालून काम करणाऱ्याचा हात ओढला गेला होता, थोडक्यात वाचला, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. म्हणून चावी म्हणजे कुणालाही मोकळं रान असं मी म्हणत नाही. आधी सेफ्टीची परीक्षा घ्या, खरीखुरी, मशीनवर उभं करून, इमर्जन्सी स्टॉप डोळे मिटून दाबता आला पाहिजे. एकट्यानं मशीन चालू करायचं नाही. इन्शुरन्स काढा. रजिस्टर ठेवा, कोण आलं, काय तुटलं, कुणी तुटलं म्हणून सांगितलं. आणि तुटलं म्हणून सांगणाऱ्याला दंड करू नका, नाहीतर पुढच्या वेळेपासनं सगळं आपोआपच तुटायला लागेल.

दुसरा आक्षेप माझ्याच लाईनीतले लोक घेतात. म्हणतात फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवर कुठले जोर लागतात त्याचं चित्र, येत नाही, ड्रॉइंग वाचता येत नाही, त्याला कसली लीडरशिप शिकवताय, आधी बेसिक पक्कं करा. यात तथ्य आहे. इंटरव्ह्यूला येणाऱ्यांना मी व्हर्नियर देतो आणि दहातले सातजण रीडिंग चुकवतात. पण बेसिक कच्चं का राहतं? कारण ते कधी कुणासाठी लागलंच नाही. ज्या पोराचा शाफ्ट बेअरिंगमध्ये बसला नाही आणि ज्याच्यामुळं चार मित्रांची रात्र गेली त्याला फिट आणि टॉलरन्स परत शिकवावा लागत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच मुळी.

तिसरं म्हणजे शिक्षक. अर्धे सर कॉन्ट्रॅक्टवर, पगार किती मिळतो ते इथं लिहायला मलाच लाज वाटते, त्यात ॲडमिशनच्या सीझनला गावोगाव फिरून पोरं आणायची. त्यांना अजून सांगायचं की रात्री आठपर्यंत वर्कशॉपमध्ये थांबा? नाही थांबणार, का थांबावं? ते तास वर्कलोडमध्ये धरा, बाहा किंवा असं खरं काम सांभाळणाऱ्या सरांचा एक थिअरी विषय कमी करा, तरच हे चालेल. नाहीतर एखादा वेडा सर मिळतो तोवर चालतं आणि तो सोडून गेला की कुलूप. बरं, सरकारी कागदात यातलं बरंच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरणात लिहिलंय की स्टार्टअप करणाऱ्या पोराला हजेरीत सवलत द्या, त्याचं काम प्रोजेक्ट म्हणून धरा, लागलं तर सेमिस्टरची सुट्टी द्या. इनोव्हेशन कौन्सिल तर २०१८ पासनं कॉलेजा-कॉलेजात झाल्यात. आमच्या त्या कॉलेजात पण होती, दारावर पितळी पाटी होती, आत टेबलटेनिसचं टेबल होतं. म्हणजे धोरण नाही असं रडायला जागा नाही.

मला विचाराल तर लीडरशिपचा लेखी पेपर बंद करून तेच क्रेडिट असे द्यावेत. दुसऱ्या वर्षापासनं पोरानं कुठलंतरी चालू काम धरायचं, वर्कशॉपची देखभाल असेल, हॉस्टेलच्या मेसचा हिशोब असेल, बेदाण्याच्या शेडवरची ताडपत्री असेल, कुपवाडातल्या एखाद्या शॉपचा रिजेक्शनचा, म्हणजे नापास होणाऱ्या मालाचा प्रश्न असेल. चौथ्या वर्षी ते ज्युनिअरच्या हातात सोपवून जायचं, आणि मार्क त्या सोपवण्याला. ज्युनिअरला ते चालवता आलं का? काय फसलं त्याची दोन पानं मराठीत लिहिली तरी चालतील, इंग्रजीची सक्ती नको. आणि मार्कांतला एक हिस्सा कॉलेजबाहेरच्या माणसाच्या हातात, त्या बागायतदार काकांसारख्या, ज्याला तुमच्या सीजीपीएशी काही देणंघेणं नाही. काका कडक मार्क देतील, पण फुकटचे देणार नाहीत. आणि सगळ्यांना लीडर व्हायचं नसतं हेही लक्षात ठेवा, माझ्याकडच्या चांगल्या टर्नरला फोरमन केला तर दोन महिन्यांत परत मशीनवर पाठवा म्हणून मागं लागला. त्याला मी नापास म्हणू का? टीममध्ये एकजण असा लागतोच.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजचा परत फोन आला. तोच विषय, तारीख वेगळी, सर नवीन. म्हणलं येतो, पण हॉल नको, वर्कशॉपमध्ये घेऊ, संध्याकाळी सहाला, पोरांच्या हातात काम देऊन. सर प्रामाणिक होते, म्हणले सर सहाला वर्कशॉप उघडायचं तर प्रिन्सिपॉल, रजिस्ट्रार, सिक्युरिटी असं सगळीकडं पत्र द्यावं लागेल, आणि पुढच्या आठवड्यात एनबीएची तयारी आहे. मग माझ्याच शेडवर ठरलं. पंचवीस जण येतो म्हणले होते, नऊ आले. त्यात दोघी मुली, त्यांना साडेसातला गेटवर पोचायचं होतं म्हणून लेथवर आधी त्यांना घेतलं. कोपऱ्यातला विंच बाहेर काढला, त्याचं रॅचेट गंजून बसलं होतं, ते सोडवायलाच सव्वा तास गेला. एकानं विचारलं हे कुणाचंय, मी सांगितलं. त्यानं बेदाण्याच्या काकांचा नंबर लिहून घेतलाय, फोन केला का नाही अजून कळलं नाही.